उलटी पंगत

लग्नकार्यात कुणी ‘तुम्ही काय करता?’ असं विचारलं की वर्षानुवर्षं माझं एकच उत्तर ठरलेलं असायचं, ‘पोरांना कड्यावरून खाली सोडतो.’ समोरचा माणूस जरा सरकून बसायचा. मग बायको घाईघाईने खुलासा करायची, ‘अहो, कॅम्पवर असतात ते. दोर बांधून सोडतात.’ दोराचं आधी सांगत जा, असं ती मला अजून बजावते. आता गुडघ्यांनीच संप पुकारल्यामुळे मी घरी आहे आणि सांगायची वेळ फारशी येत नाही.

आम्ही मूळचे भिवंडीजवळच्या पूर्ण्याचे. लहानपणी जिथे आम्ही भाताची आवणी केली तिथे आज गोदामं उभी आहेत. माझ्या भावांनी वेळीच शहाणपण केलं. ते भाड्यावर बसून खातात आणि मी दोरावर लटकून खाल्लं, असं आमच्या घरात गमतीने म्हणतात. गंमत त्यांची असते, हसतो मात्र मी.

आमचा कॅम्प पडघ्याच्या पुढे, हायवे सोडून आत, एका डोंगराच्या पायथ्याशी. थंडी पडली की भिवंडीच्या, ठाण्याच्या शाळा बस भरभरून मुलं आणायच्या. दोन रात्री तंबूत झोपायचं, डोंगर चढायचा आणि कड्यावरून दोराने उतरायचं. या उतरण्याला रॅपलिंग म्हणतात. पोराच्या कमरेला पट्टा असतो आणि त्याला दोन दोर. एका दोरावरून ते उतरतं आणि दुसरा वर बसलेल्या माणसाच्या हातात असतो. पोराचा हात सुटला तरी या दुसऱ्या दोरामुळे ते पडत नाही. मी तो दुसरा दोर धरणारा माणूस. पोराला मी दिसत नाही, मला पोर दिसत नाही. फक्त त्याचं वजन हाताला कळतं. भित्र्या पोरांची मला कधी काळजी वाटली नाही, ती घट्ट धरतात. धीट पोर आलं की मात्र मी दोर दोन्ही हातांनी आवळून धरायचो.

गिऱ्हाईकं एकेक नमुनेदार. एका शेठने मुलाबरोबर ड्रायव्हर पाठवला होता. तो बिचारा तीन दिवस पोराच्या मागे पाण्याची बाटली घेऊन डोंगर चढला आणि शेवटी कड्यावरून तोही उतरला. एक मुख्याध्यापक कडा पाहून म्हणाले, ‘चांगला आहे, पण थोडा कमी उंच नाही का मिळणार?’ एक मुलगा अर्ध्या कड्यावर लटकून ‘आईला फोन लावा’ म्हणत होता. ‘खाली आलास की लावतो’ म्हटल्यावर तो असा उतरला की मला दोर सोडायला वेळ पुरेना.

पण ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसलो ती कड्यावरची नाही, स्वयंपाकघरातली आहे.

आमच्याकडे स्वयंपाकाला जवळच्या पाड्यावरच्या वारली बायका असायच्या. शहरातली पोरं सुरुवातीला त्यांना ‘ए मावशी, पाणी’ असं फर्मावायची आणि अर्धी भाकरी टाकून उठायची. कॅम्प काढणारे आमचे मोठे सर याने फार चिडायचे. एकदा आम्ही दोघं चहा पीत बसलो होतो आणि मी म्हटलं, ‘शेवटच्या जेवणाला आपण पंगत उलटी बसवू. बायका बसतील आणि पोरं वाढतील.’ सरांना ते इतकं आवडलं की त्यांनी लगेच नियम करून टाकला. त्यात भर माझीच. वाढणाऱ्या पोराने आपलं नाव आणि आपल्या आईचं नाव सांगायचं, ‘मी अमोल, शोभाचा.’ घरी जी रोज वाढते तिची आठवण म्हणून. आणि पानावर बसलेल्या बाईने म्हणायचं, ‘आईला सांग, चांगलं वाढलंस.’

ही उलटी पंगत आमच्या कॅम्पची शान झाली. कडा विसरलेली पोरं मोठेपणी भेटली की पंगतीचं विचारतात. शिक्षिकांचे डोळे भरून यायचे. आपल्याला काही सुचलं याचा मला मनातून बराच अभिमान होता.

बुधी स्वयंपाकघराची मुख्य. बुधवारी जन्मली म्हणून बुधी. नवरा लवकर गेला होता. तांदळाची भाकरी तिच्या हातची, आणि बोलणं अगदी बेताचं. तिला एक मुलगी होती, रंजना. ती पाचवीपासून भिवंडीजवळ काल्हेरला बुधीच्या धाकट्या बहिणीकडे राहायची. बहीण सुनंदा गोदामात पॅकिंगला होती. तिला मूलबाळ नव्हतं, तिने पोरीला भिवंडीच्या शाळेत घातलं होतं. रंजना सुट्टीतच पाड्यावर यायची, तेव्हा आमचा कॅम्प बंद असायचा. त्यामुळे मी तिला कधी पाहिलं नव्हतं. पण बुधीच्या तोंडून एवढं एकच वाक्य वारंवार ऐकलं होतं, ‘माझी पोर भिवंडीला शिकते.’

रंजना आठवीत असताना तिच्या शाळेने आमचा कॅम्प ठरवला.

बुधी त्या दिवशी सकाळी नवं पातळ नेसून आली. केसांना तेल, कपाळाला ठसठशीत कुंकू. बाकीच्या बायका तिला चिडवत होत्या, ‘आज काय लगीन हाय का गो?’ ती नुसती हसत होती. बस आली की मुलांना गूळ-पाणी द्यायची आमची पद्धत. गुळाच्या ताटाला तिने कुणाला हात लावू दिला नाही, स्वतः घेऊन बसच्या दाराशी उभी राहिली.

पोरं उतरू लागली. मी शेजारीच होतो. लाल रिबिनी लावलेली एक मुलगी मैत्रिणीचा हात धरून उतरली, बुधीपुढे आली. दोघींची नजरानजर झाली. पोरीने खाली बघितलं, गुळाचा खडा उचलला आणि म्हणाली, ‘थँक्यू, मावशी.’ आणि मैत्रिणीबरोबर पुढे गेली.

सगळीच पोरं स्वयंपाकाच्या बायकांना मावशी म्हणतात. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. ताट रिकामं झाल्यावर बुधी माझ्याकडे आली.

‘सर, ती लाल रिबिनवाली माझी पोर हाय.’

‘अगं मग सांगायचंस ना. बोलाव तिला.’

‘न्हाय. कोनाला सांगू नका. बायकांना मी सांगते. तिचे मैत्रिनींना ठाव न्हाय. शालेत सुनंदालाच तिची आई समजतात सगले.’

तिकडे मावशीला आई म्हणणारी पोर इकडे आईला मावशी म्हणाली होती. मला राग आला, आणि तो माझ्या तोंडावर दिसला असावा.

‘तुमी काय बोलू नका तिला,’ बुधी म्हणाली. ‘तिला तिथं ऱ्हायचं हाय. मला काय, मी हितंच हाय.’

दुपारी मी नेहमीप्रमाणे बायकांची ओळख करून दिली. ‘ह्या बुधीमावशी’ म्हटल्यावर मागच्या रांगेतल्या काही पोरी नाव ऐकून खुसखुसल्या. रंजनाही हसली. बाकीच्या थांबल्यावर थोड्या उशिराने ती थांबली.

डोंगर चढताना मी मुद्दाम तिच्या मागे होतो. ते तिच्याच घराचं परसदार म्हणायला हरकत नव्हती. खाजकुइलीच्या वेलाला ती न बघताच वळसा घालायची, मागच्या पोरी त्यात शिरून खाजवत बसायच्या. पायाखालचा कुठला दगड हलतो हे तिच्या पायांना ठाऊक होतं, पण नव्या बुटांत ते पाय अडखळत होते. पोरी चढावर किंचाळल्या की तीही किंचाळायची. तिचं ते खोटं किंचाळणं ऐकून माझा राग हळूहळू उतरला. एवढं नाटक करायचं म्हणजे किती थकवा येत असेल, असं वाटायला लागलं.

वर पोचलो. तिथून एका बाजूला लांबवर गोदामांचे निळे पत्रे दिसतात आणि खाली, अगदी पायथ्याशी, पाडा. कुडाची, कौलांची घरं. एका अंगणात कोंबड्या होत्या, पेंढ्याची वळई रचलेली होती. तिची मैत्रीण तन्वी, चांगली मुलगी होती ती, कुतूहलाने म्हणाली, ‘ए, किती छोटी घरं आहेत. आत कसे राहत असतील गं?’

‘काय माहीत,’ रंजना म्हणाली.

रॅपलिंगला तिचा नंबर आला. पट्टा बांधताना मी विचारलं, ‘भीती वाटते?’ तिने नकारार्थी मान हलवली. तिथे मैत्रिणी जवळ नव्हत्या, म्हणून खरं सांगितलं. ती कड्याच्या कडेवरून मागे झुकली आणि सरसर उतरू लागली. अर्ध्यावर गेल्यावर दोर थांबला.

मी वरून ओरडलो, ‘काय झालं?’

‘काही नाही, सर. थोडं थांबू?’

मी दोर धरून बसलो. त्या जागेवरून मान वळवली की फक्त पाडा दिसतो. वरून तिला कुणी पाहू शकत नव्हतं आणि खालच्यांना तिची पाठ दिसत होती. ती किती वेळ तिथे होती सांगता येणार नाही, पण तेवढा वेळ तिचं सगळं वजन माझ्या हातात होतं. मग दोर हलका झटका देऊन सुटला. खाली टाळ्या झाल्या. मी कडेशी येऊन पाहिलं तर बुधी तव्यावरची भाकरी तशीच टाकून स्वयंपाकघराच्या दारात आली होती. टाळ्या वाजवायला तिने दोन्ही हात उचलले आणि मग पदराला पुसत आत गेली. त्या दिवशी करपलेल्या भाकऱ्या आम्ही कॅम्पवाल्यांनी खाल्ल्या.

शेवटच्या दिवशी सकाळी नाश्त्याला पोहे ठरले होते. बुधीने पानगी केली. तांदळाचं पीठ गुळात भिजवून केळीच्या पानात भाजायचं, एकेक करून, चुलीपुढे बसून. एवढ्या पोरांना पानगी म्हणजे पहाटेपासून राबणं. मी म्हटलं, ‘बुधी, वेडी झालीस काय?’ ती म्हणाली, ‘पोऱ्हांना बरी लागते.’ कुठल्या पोरांना ते तिने सांगितलं नाही. बऱ्याच मुलांनी पान उलगडून नाकं मुरडली. रंजना मात्र मान खाली घालून खात होती. तन्वीने आपली पानगीही तिला दिली. तीही तिने खाल्ली आणि मग रिकाम्या पानांच्या घड्या घालत बसली.

तन्वीला स्वयंपाकघराचं वेड लागलं होतं. दुपारी ती भाकरी थापायला बसली आणि रंजनाला ओढून घेऊन आली. भाकरी काही होईना, पण गप्पा जोरात.

‘मावशी, तुम्हाला मुलगी आहे?’

‘हाय की.’

‘कुठे असते?’

‘लांब,’ बुधी म्हणाली. ‘शिकते.’

‘तुम्हाला भेटायला येते?’

बुधीने भाकरी उलटली. ‘येते ना. परवाच आली हुती.’

रंजना उठून पाणी प्यायला गेली. मटक्यापाशी बराच वेळ पाठमोरी उभी होती.

मग शेवटचं जेवण आलं आणि मला पंगतीची आठवण झाली. तोवर ते माझ्या डोक्यातच नव्हतं. शाळेच्या बाईंना सांगून मी रंजनाला दुसऱ्या कामाला लावायला निघालो, पण बाईंनी वाढणाऱ्या मुली आधीच निवडल्या होत्या. रंजनाच्या हातात भाताचं भांडं होतं. बायका रांगेत बसल्या होत्या, पानं मांडलेली होती, पोरं भोवती उभी होती, कुणी फोनवर शूटिंग करत होतं. बुधी रांगेच्या मधोमध.

तन्वी पुढे डाळ घेऊन. ‘मी तन्वी, मीनलची.’ बुधी म्हणाली, ‘आईला सांग, चांगलं वाढलंस.’ तन्वी पुढे सरकली आणि रंजना आली.

ती वाकली. तिने भात वाढला, आणि मग बुधीच्या डाव्या बाजूला, न विचारता, मिठाची चिमूट ठेवली. बुधीला वरून मीठ लागतं हे आम्हालाही ठाऊक नव्हतं. ते बघून बुधीने मान वर केली. मला वाटलं, सांगणार ही पोर. सगळ्या जगासमोर सांगणार.

‘मी रंजना,’ ती म्हणाली. थांबली. मागून तन्वी कौतुकाने बघत होती. ‘सुनंदाची.’

बुधी तिच्याकडे बघत राहिली. मग ठरलेलं वाक्य तिने नीट, सावकाश म्हटलं, एकही शब्द न गाळता. ‘आईला सांग बाय, चांगलं वाढलंस.’

पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्या प्रत्येक पानाला वाजतच होत्या.

बस गेली ती पाड्यावरूनच. रस्ताच तो आहे. बुधी भांडी घासत होती, तिने मान वर केली नाही. नंतर मी तिला म्हटलं, ‘पंगतीतलं आईचं नाव मी बंद करतो.’ ती म्हणाली, ‘कशाला? बाकीची पोऱ्हं आईचा नाव घेतात, आयकाया बरा वाटतं.’ नियम तसाच राहिला.

पुढच्या हंगामात पहिली शाळा आली. मी ओळख करून देताना ‘ह्या बुधीमावशी’ म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात तीच बोलली, ‘सुनंदा. सुनंदामावशी बोला.’ बाकीच्या बायका तिच्याकडे बघायला लागल्या. मुलं गेल्यावर मी तिला विचारलं, हे काय नवीन? ती तांदूळ निवडत होती.

‘पोरीची आई सुनंदा हाय ना, सर? मंग.’

एवढंच. जुन्या बायकांनी दोन दिवस कुजबुज केली आणि सोडून दिली. बाहेरून नव्याने कामाला आलेल्यांना तिचं दुसरं नाव कधी कळलंच नाही. हजारो पोरांनी तिला सुनंदामावशी म्हणून हाक मारली, आणि प्रत्येक हाकेला तिने ओ दिली.

रंजना शिकली. बी. कॉम. झाली, काल्हेरच्याच एका मोठ्या गोदामात कॉम्प्युटरवर बसते. आईला फोन घेऊन दिला, घरावर पत्रे घातले. येत-जात राहायची. वाईट पोर मुळीच नव्हती. आठवीतल्या पोराला लाज जेवढी भारी असते तेवढं दुसरं काही नसतं, हे मी दोराच्या टोकाला बसून शेकडो वेळा पाहिलं आहे. कॅम्पवर मात्र ती पुन्हा आली नाही, आणि त्या पंगतीचं दोघी एकमेकींशी कधी बोलल्या असतील असं मला वाटत नाही.

गेल्या पावसाळ्यात बुधीला ताप आला. तिने नेहमीप्रमाणे अंगावर काढला. पोरीला कळवलं तोवर छाती भरली होती. पडघ्याहून ठाण्याला नेलं, पण उपयोग झाला नाही.

दिवसकार्याला आम्ही कॅम्पवरची सगळी माणसं गेलो. पाड्यात, बुधीच्या अंगणात पंगत बसली. माझ्या एका बाजूला आमचा तरुण इन्स्ट्रक्टर केतन, दुसऱ्या बाजूला काल्हेरची सुनंदा, थकलेली, डोळे सुजलेले. रंजना वाढत होती. केतन बिचारा मनापासून रडवेला झाला होता. म्हणाला, ‘सुनंदामावशींसारखी भाकरी आता कुणाला जमायची नाही.’

‘कोन सुनंदा?’ माझ्या शेजारची बाई म्हणाली. ‘सुनंदा मी हाय. मी जित्ती हाय रे बाबा.’

केतन गोंधळला. ‘नाही, म्हणजे... ह्याच. कॅम्पवरच्या. आम्ही सगळे त्यांना सुनंदामावशीच म्हणायचो. त्यांनीच सांगितलं होतं नाव.’

रंजना दोन पानं पलीकडे होती, हातात भाताचं भांडं. तिने वळून केतनकडे बघितलं, मग माझ्याकडे. ‘सर? कधीपासून?’

मला खोटं बोलता आलं असतं. पण ती आईचं कार्य करत होती. ‘तू येऊन गेलीस ना,’ मी म्हटलं, ‘त्याच्या पुढच्या हंगामापासून.’

ती तशीच उभी राहिली. सुनंदाने तोंडाला पदर लावला. कुणीतरी ‘भात आण गो’ म्हणालं. पोर हलेना. मग ती रांगेच्या अगदी सुरुवातीला परत गेली, ज्यांना वाढून झालं होतं तिथे. पहिल्या म्हाताऱ्यापुढे वाकली, दोन शितं वाढली आणि मोठ्याने म्हणाली, ‘मी रंजना. बुधीची.’

पाड्याच्या माणसांना काही कळेना. पोरीला अख्खा पाडा ओळखत होता, नाव काय सांगते? पण ती दुसऱ्या पानापुढे गेली. ‘मी रंजना. बुधीची.’ मग तिसऱ्या. आवाज फुटत होता, पण ती एकही पान सोडत नव्हती. केतनपुढे आली, ‘बुधीची’ म्हणाली. मग माझ्यापुढे वाकली.

‘मी रंजना, सर. बुधीची.’

बसलेल्याने काय उत्तर द्यायचं ते मीच कधीकाळी चहा पिता पिता ठरवलं होतं. तेवढं सोपं वाक्य माझ्या तोंडून निघेना. आईला सांग म्हणणार तरी कसं? मी पानावर हात आडवा धरायलाही विसरलो, आणि ती भात वाढतच राहिली.